हिरवं पाणी, ग्वाल्हेरपर्यंत

१८ एप्रिल, शनिवार

दिल्लीत धौला कुआंच्या अलीकडे गाडीच्या तापमानाचा काटा वर चढला. आधी वाटलं ऊन आहे, एसी चालू आहे, होतं कधी कधी. मग काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. गोडसर वास. गाडी कडेला घेतली. शेजारी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, निखिलच्या आई, मांडीवर पर्स घट्ट धरून. लक्ष्मीबाई नगरला त्यांच्या मैत्रिणीच्या लेकीकडे जेवून परत येत होतो.

एक स्कूटरवाला थांबला. म्हणाला, ढक्कन खोल दो मॅडम, भाप निकल जाएगी. मी फडकं घेऊन हात घातलाच होता. आई उतरल्या आणि माझं मनगट धरलं.

"हात काढ. कुकरची वाफ गेल्याशिवाय झाकण उघडतेस का? आत शंभराच्या वर असेल ते. तोंडावर येईल."

जानेवारीत मिरजेहून आल्यापासून त्या घरात 'कशाला', 'असू दे', 'तुझं चालू दे' एवढंच बोलतात. हा आवाज नवा होता. मी हात काढला. स्कूटरवालाही मागे सरकला.

कडुनिंबाच्या सावलीत फुटपाथवर बसून राहिलो. इंजिन हाताला गार लागल्यावर झाकण उघडलं, प्यायच्या बाटल्या त्यात ओतल्या, एसी बंद, खिडक्या उघड्या, आणि हळूहळू द्वारकेला, घरी. दोघी घामानं चिंब. लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं, घाबरली होतीस ना. हो म्हटलं. मी पण, म्हणाल्या.

१९ एप्रिल, रवि.

सकाळी बेसमेंटमध्ये जाऊन बॉनेट उघडलं. कडेची प्लास्टिकची बाटली कोरडी ठाक. रेडिएटरच्या तोंडाशी टॉर्च धरला तर आत चहाच्या रंगाचं गढूळ पाणी. नि. (निखिल) नोकरीसाठी शिलाँगला, त्याला फोटो पाठवला. मग त्याचा फोन. म्हणाला, गेल्या उन्हाळ्यात कूलंट कमी दिसलं तेव्हा त्यानं नळाचं पाणी घातलं होतं. दोन-तीनदा. द्वारकेचं नळाचं पाणी. ज्यानं आमच्या किटलीत पांढरी खपली धरते ते.

वर्कशॉपला फोन केला. त्यांच्याकडे गर्दी आहे, तारीख मिळाली बारा मेच्या पुढची. आणि दहा मेला ग्वाल्हेरला अक्कांचं सहस्रचंद्रदर्शन. अक्का म्हणजे आईंची थोरली बहीण. आईंची आई लवकर गेली, अक्कांनीच त्यांची वेणी घातली, शाळेत सोडलं. बाबा, म्हणजे माझे सासरे, आजारी पडल्यापासून, ते गेल्यावरही, दोघींची भेट नाही. सुट्ट्यांमुळे रेल्वे फुल्ल, तिकीट अजून वेटिंगलाच. म्हणून तर ठरलं होतं, आपली गाडी घेऊन जायचं, मी चालवायची. नोएडाच्या पुढे मी कधी गेलेली नाही, तो भाग वेगळा.

आईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, असू दे, व्हिडिओवर बघेन मी. आणि निवडलेली मेथी परत निवडायला घेतली.

२१ एप्रिल, मंगळ

ऑफिसात लंच अवरमध्ये व्हिडिओ बघितले. घरी कूलंट बदलणे. पाच-सहा पाहिले. सगळे दाढीवाले, सगळे म्हणतात बहुत आसान है. शेजारच्या डेस्कवरची म्हणाली, केतकी, नोकरी बदलतेयस का.

रात्री जेवताना आईंना सहज म्हटलं, मी घरीच बदलून बघू का ते. वाटलं, नको म्हणतील. त्यांनी विचारलं, ते कूलंट म्हणजे नेमकं काय असतं. मी वाचलं होतं तेवढं सांगितलं. पाणी, त्यात ग्लायकॉल, त्यात गंज न चढण्याचं औषध. त्यांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे उत्कलनांक वाढवायला घालतात. आणि गोठणांक खाली आणायला."

मिरजेला मुलींच्या शाळेत त्यांनी अख्खी नोकरी विज्ञान शिकवलं. हे मला माहीत होतं, पण जसं लग्नात ओळख करून देताना कळतं तसं. आज त्यांनी ताटाच्या कडेवर मीठ सांडून, वाटीत बोट बुडवून मला सगळं समजावलं. साध्या पाण्याला उकळायला शंभर पुरतात, दुसरं काही मिसळलं की जास्त लागतात, वर झाकणानं दाब दिला की आणखी जास्त. म्हणून पाणी उकळत नाही आणि इंजिनाची उष्णता घेऊन फिरत राहतं. दरवर्षी नववीला हे मिठाच्या पाण्यावर करून दाखवायचे, म्हणाल्या, पण ते खरं कुठे वापरतात ते कधी डोळ्यांनी बघितलं नाही. बाबा बॉनेट उघडायचे तेव्हा त्या घरात असायच्या.

मग म्हणाल्या, "रविवारी करू या?"

करू या.

२५ एप्रिल, शनि.

काश्मिरी गेट. मी एकटीच जाणार होते, तर आई चपला घालून दारात उभ्या. मेट्रोत त्यांना बसायला जागा मिळाली, पण राजीव चौकात बदलताना माझा हात धरला तो बाहेर पडेपर्यंत सोडला नाही.

स्पेअर पार्टचा बाजार. दुकानदारानं विचारलं, हरा या लाल. मी मोबाइलमध्ये गाडीच्या पुस्तकाचं पान शोधत होते. आई त्यांच्या हिंदीत सुरू झाल्या. "बेटा, ये गाढ़ा है या आपने पहले से पातळ किया है?" पातळ हा शब्द त्याला कळला नाही, तरी मुद्दा कळला. तयार मिसळलेलं मिळतं, म्हणाला, पानी मिलाना ही नहीं. पुस्तकात हिरवंच लिहिलं होतं. ते घेतलं, शिवाय धुवायला डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणि पाइपाच्या दोन नव्या क्लिपा. निघताना त्यानं आईंना विचारलं, गाडी कौन चलाता है, माताजी. "ये," त्या म्हणाल्या, "मेरी बहू." माझ्याबद्दल त्यांना असं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

एवढे कॅन मेट्रोत नेऊ देतील की नाही कळेना, म्हणून ऑटो. धूळ, ऊन, पायांमध्ये कॅन. दरियागंजाजवळ बर्फाचा गोळा खाल्ला, आईंनी काला खट्टा. जीभ जांभळी. नि.ला फोटो.

२६ एप्रिल, रवि. (दिवसभराचं)

सकाळी लवकर बेसमेंटमध्ये सतरंजी अंथरली तोच सोसायटीचे सेक्रेटरी खुराणा अंकल आले. बेसमेंटमध्ये रिपेअर काम मना है, बोर्ड लावलाय. मी वाद घालणार होते. आईंनी मला थांबवून त्यांना सांगितलं की बरोबर आहे तुमचं, हे द्रव्य विषारी असतं, आणि वर गोड, कुत्रं-मांजर चाटतं आणि मरतं, तेव्हा बंद जागेत नकोच. उघड्यावर, फरशी असलेली जागा द्या, एक थेंब सांडू देणार नाही.

कुत्रं म्हटल्यावर अंकलचा चेहरा बदलला. गेटवरच्या चमेलीला रोज दूध-पोळी तेच घालतात. जनरेटरच्या मागची जागा दिली, आणि स्वतः जाऊन रंगकामाचं उरलेलं प्लास्टिक घेऊन आले. चमेलीला वॉचमनच्या केबिनमध्ये बांधली. तिचं भुंकणं दिवसभर.

खालचा पाइप सुटता सुटेना. क्लिप गंजलेली. मी जमिनीवर उताणी, पक्कड हातात, केसात माती. खाली भांडं काय ठेवायचं, तर आईंनी त्यांचं मिरजेचं मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं आणलं. पुरणाचं. म्हटलं, आई, यात परत काही शिजवता येणार नाही. म्हणाल्या, पुरण आता कोण खातंय इतकं, जाऊ दे त्याला कामी.

पाइप एकदम सुटला. सगळं तपकिरी पाणी आधी माझ्या हातावर, मग बाहीत, मग पातेल्यात. मी किंचाळले. आई हसल्या. तोंडावर पदर न धरता, मोठ्यानं. मीही. अंकल धावत आले, त्यांना वाटलं काही फुटलं.

मग धुवायचं. पाइप लावला, डिस्टिल्ड पाणी भरलं, इंजिन चालू करून हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, म्हणजे पाणी आतल्या सगळ्या नळ्यांतून फिरतं. एकीनं झाकणाशी बघायचं, एकीनं आत बसून ॲक्सिलरेटर दाबायचा. आईंना म्हटलं, बसा. त्या ड्रायव्हरच्या सीटवर टोकाशी बसल्या, परक्याच्या घरी बसावं तशा.

"किती दाबू?"

थोडं. अजून थोडं. इंजिन गुरगुरलं आणि त्यांनी पाय झटकन काढला. परत दाबला. मी बॉनेटमागून डोकावले तर बाहेर एप्रिलचं ऊन, आत हीटरची गरम हवा सरळ तोंडावर, पदर उडतोय, आणि त्या दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोरच्या भिंतीकडे बघत हसतायत. थांबवा म्हटलं तरी थोडा वेळ थांबल्या नाहीत.

गार होऊ द्यायचं, काढायचं, परत भरायचं. मधल्या वेळात वर जाऊन दहीभात. तिसऱ्या वेळी पाणी स्वच्छ आलं. मग हिरवं ओतलं. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू, वरचा पाइप दाबत राहायचं, आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. आई आता टोकाशी नव्हत्या बसल्या, नीट मागे टेकून. पंखा सुरू झाला तेव्हा आतून ओरडून सांगितलं, लागला, लागला.

जुनं पाणी कॅनमध्ये भरून ठेवलंय, वर्कशॉपवाला त्यांच्या ड्रममध्ये घ्यायला तयार आहे. अंग दुखतंय. नखं काळी. फार दिवसांत आली नाही अशी छान झोप आज येणार.

२७ एप्रिल, सोम.

वाईट.

ऑफिसला पोचले आणि आईंचा फोन. गाडीखाली हिरवं थारोळं, आणि तिथे चमेली. केबिनमधून सकाळी सोडलेली. चाटलं की नुसतं हुंगलं, कुणी बघितलं नाही. अंकल डॉक्टरला फोन लावतायत. मी परत निघाले. मेट्रोत उभी राहून नुसतं एकच मनात, की पाइपाची क्लिप मी घट्ट केली होती ना, केली होती ना.

पोचले तेव्हा अंकल आणि आई चमेलीला अंकलच्या गाडीत घालून डॉक्टरांकडे घेऊन गेलेले. तिथे गेले. आईंच्या मांडीवर जुनं बेडशीट, त्यावर चमेली. डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं, सलाइन लावलं, म्हणाले, आज इथेच ठेवू, वेळेत आणलंत. आई घरी यायला तयार नाहीत. बाकावर बसून राहिल्या.

परत येऊन थारोळ्यावर माती टाकली, भरून काढली, फरशी पाण्यानं धुतली आणि तेही पाणी फडक्यांनी टिपून बादलीत. क्लिप बघितली. तिरकी बसली होती.

संध्याकाळी आई आल्या. म्हटलं, आई, सोडून देऊ हे. मला नाही जमत. त्यांनी चहा टाकला. म्हणाल्या, पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत मुलींच्या समोर त्यांच्या हातून चंबू फुटला होता, एका मुलीच्या हाताला काच लागली. दुसऱ्या दिवशी वर्गात जायचं नाही असं ठरवलं होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, काच गोळा केलीत का? केली. मग आता दुसरा चंबू काढा.

"तू क्लिप सरळ लाव. बाकी मी बघते."

२८ एप्रिल, मंगळ

चमेली ठीक. रक्त चांगलं आलं. डॉक्टरांच्या मते तिनं चाटलं नसावंच, फार तर पंजाला लागलं असेल. अंकलनी गेटवर पेढे वाटले, आम्हालाही दिले. मी माफी मागितली तर म्हणाले, बेटा, आंटी ने बताया ना होता कि मीठा होता है, तो मैं भागता भी नहीं. मग डोळे पुसायला चष्मा काढला.

आईंनी वॉचमन लोकांना केबिनबाहेर उभं करून समजावलं. कूलंट म्हणजे काय, का गोड, का धोक्याचं, कुणाच्या गाडीखाली हिरवं-लाल दिसलं तर काय करायचं. हिंदी अर्धी मराठी. सगळे ऐकत होते. एकानं प्रश्नही विचारला. आई ज्या तऱ्हेनं 'शाब्बास' म्हणाल्या, वाटलं, या बाई जानेवारीपासून आमच्या घरात कुठे होत्या.

२ मे, शनि.

बुधवारीच क्लिप बदलली, सरळ. दोघींनी टॉर्च धरून बघितली, अंकलनीही. परत भरलं, परत हवा काढली. गेले तीन दिवस गाडीखाली वर्तमानपत्र अंथरून ठेवलं होतं. कोरडं.

आज भर दुपारी मुद्दाम बाहेर काढली. एसी पूर्ण. द्वारका, नजफगढ, गर्दीत अडकून परत. काटा मध्यावर, हलला नाही. परतताना आईंनी विचारलं की अक्कांना काय न्यायचं. म्हणजे जायचं. ठरलं.

नि. फोनवर म्हणाला, हायवेवर तू एकटी कशी चालवशील, मी सुट्टी बघतो. म्हटलं, बघ, पण एकटी कुठे आहे मी.

९ मे, शनि. ग्वाल्हेर

पोचलो.

पहाटे निघालो. यमुना एक्सप्रेसवे रिकामा, सरळ. आधी खांदे कानांपर्यंत ताठ होते माझे, मथुरेच्या सुमारास खाली आले. आईंनी डब्यातून धपाटे तोडून तोडून माझ्या तोंडात दिले. भावाला बैलगाडी हाकताना आई द्यायची तसे, म्हणाल्या. त्यांच्या आईबद्दल त्या कधी बोलत नाहीत.

आग्र्याच्या पुढे जाम. ट्रक आडवा झालेला, कुणाला लागलं नव्हतं, पण रस्ता बंद. ऊन डोक्यावर, गाड्यांच्या रांगा, लोकांनी इंजिनं बंद करून दारं उघडलेली. आमच्या पुढच्याच गाडीच्या बॉनेटमधून वाफ यायला लागली. मी सारखी खाली काट्याकडे बघायला लागले, ब्रेकवरचा पाय नकळत सुटे आणि गाडी इंचभर पुढे सरके.

"काट्याकडे मी बघते," आई म्हणाल्या. "तू रस्त्याकडे बघ."

आणि खरंच बघत बसल्या. पुढे वाकून, चष्मा लावून, जाम सुटेपर्यंत. मध्येच उतरून पुढच्या गाडीवाल्याकडे गेल्या. तो झाकणाला हात घालत होता. त्याला कुकरचं सांगितलं असणार, कारण तो हात काढून मागे झाला. आमचा उरलेला डिस्टिल्डचा कॅन त्याला दिला, इंजिन गार झाल्यावरच घाल म्हणून बजावलं.

चंबळच्या पुलावर काच खाली केली. खाली नदी बारीक, वाळू पांढरी. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

अक्का दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, सकाळपासून म्हणे. आई गाडीतून उतरल्या तरी अक्का उठल्याच नाहीत, नुसते हात पसरले. आईंनी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. मी डिकीतलं सामान काढत राहिले, उगाच, एकेक पिशवी.

१० मे, रवि.

अक्कांना पाटावर बसवून ताटभर दिव्यांनी ओवाळलं. कॅनडाहून त्यांचा मुलगा अभय आलाय, उद्या रात्री परत. खालच्या मजल्यावर भाडेकरू नवरा-बायको आहेत, ते चांगले आहेत, पण घर मोठं आणि त्यात अक्का एकट्या.

जेवणानंतर आईंनी सगळ्यांना कूलंटची गोष्ट सांगितली. पातेलं, पाइप, चमेली, जाम. माझी बाही कशी भिजली ते अभिनयासह. अक्का म्हणाल्या, मला बघायचंय. जरीच्या लुगड्यात, अभयचा हात धरून, अंगणात आल्या. मी बॉनेट उघडलं. आईंनी बोट दाखवून एकेक सांगितलं, हे इथून जातं, इथे गार होतं, इथून परत येतं. अक्का बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, रक्तासारखंच की गं.

संध्याकाळी माजघरातून दोघींचं बोलणं कानावर आलं. अक्का म्हणत होत्या, आता इथेच रहा माझ्याजवळ. दिल्लीत तुला कोण आहे, मुलगा शिलाँगला, सून दिवसभर ऑफिसात. आई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. मी पाणी प्यायला जाणार होते, गेले नाही.

११ मे, सोम.

आई राहतायत. काही दिवस, असं म्हणाल्या. अभय गेल्यावर अक्कांना एकदम एकटं नको. बरोबरच आहे. मी 'बिल्कुल बरोबर आहे' म्हटलं, दोनदा.

गाडीजवळ येऊन त्यांनी विचारलं, एकटी जाशील ना. जाईन. सकाळी गार इंजिनवर बाटलीतली पातळी बघितलीस का. बघितली. मग काही बोलायचं होतं त्यांना, किंवा मला. तेवढ्यात अभयनं फाटक उघडलं.

एकटीनं चालवलं. छान चालवलं. मोठ्यानं गाणी म्हटली, बेसूर. आग्र्यानंतर ढाब्यावर एकटीनं पराठा खाल्ला, लोक बघत होते, बघू देत. आणि तरी मध्येच डाव्या हातानं बाजूची सीट चाचपली.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात त्यांनी घडी करून ठेवलेलं फडकं होतं. तसंच राहू दिलं.

१६ मे, शनि.

रोज फोन होतो. आई आणि अक्का संध्याकाळी फिरायला जातात. गल्लीतल्या मुली विज्ञानाचं विचारायला येतात म्हणे. आवाज मोकळा. मला आनंद होतो आणि फोन ठेवल्यावर घरात फ्रिजचा आवाज ऐकू येतो.

नि. म्हणाला, तिला तिथे बरं वाटत असेल तर राहू दे ना, एवढं काय. म्हटलं, हो, राहू दे. मग अर्ध्या तासानं मीच परत फोन केला आणि सांगितलं की मला ती इथे हवी आहे. 'ती' म्हटलं, 'त्या' नाही. तो म्हणाला, हे मला नको सांगूस, तिला सांग.

अंकलनीही विचारलं, आंटी कब आ रही हैं. चमेली अजून आमच्या गाडीच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही.

१७ मे, रवि.

सांगितलं.

आधी हवेबद्दल बोलले, मग भाजीबद्दल. मग म्हटलं, आई, तुम्ही तिथे राहिलात तर मला समजेल. पण मला वाटतं तुम्ही यावं. घर फार... आणि पुढचं वाक्य काही सापडेना.

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज.

"अगं, मीच विचारणार होते तुला," त्या म्हणाल्या. "पण अक्काला सोडून कशी येऊ?"

मग त्यांनी विचारलं, जेवलीस का.

२२ मे, शुक्र.

ऑफिसात मीटिंगमध्ये होते तेव्हा आईंचा मिस्ड कॉल. बाहेर येऊन लावला. अक्काच बोलल्या, थेट. मला दिल्ली बघायची आहे, गाडी घेऊन ये. लाल किल्ला लहानपणी बघितला होता, तो अजून आहे ना? म्हटलं, आहे. मागून आईंचं हसू.

किती दिवसांसाठी, ते विचारलं. आईंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, तिलाच विचार. परत अक्का. म्हणाल्या, ग्वाल्हेरला ऊन फार झालंय. जसं काही दिल्लीत बर्फ पडतोय.

उद्या पहाटे निघते. नि. म्हणतो, दोघी राहणार आहेत की पाहुण्या येतायत ते नीट विचारून घे, त्याप्रमाणे सोय करता येईल. मी विचारणार नाहीये. विचारलं तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागेल.

खुराणा अंकलच्या घरून एक जादा खाट आणली, वॉचमननं वर चढवून दिली. आईंच्या खोलीत ती कुठे मावेल ते बघत होते. टेबल गॅलरीत काढलं. भिंतीला लावली तर कपाट अडतं. खिडकीखाली मावते, पण मग दार अर्धंच उघडतं. तिथेच लावली आणि चादर घातली.